कॅमशाफ्ट कुठे असतो, मॅडम?

सोलापूरच्या शाळांची सहल म्हणजे विजापूर. गोल घुमट, इब्राहिम रोजा आणि येताना उसाचा रस. विद्यार्थी म्हणून दोनदा आणि शिक्षक म्हणून किमान नऊ वेळा आम्ही घुमटाच्या त्या सज्जात टाळ्या वाजवून आलो आहोत. त्यामुळे २०२३ च्या जानेवारीत नववीच्या मुलांनी ‘या वेळी विजापूर नको’ असं एका सुरात सांगितलं, तेव्हा स्टाफरूममध्ये कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. मुलांना बघायची होती गाड्यांची फॅक्टरी. तीही साध्यासुध्या नव्हे, रेसच्या गाड्यांची.

तुमच्या घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर काय काढलेलं असतं हे तुम्हाला ठाऊक असेल. चपटी गाडी, रुंद टायर, मागे पंख. उर्दूच्या वहीचं शेवटचं पान म्हणजे मराठीच्या वहीचं पहिलं. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे या गाड्या आम्हाला दोन्ही बाजूंनी भेटतात. फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी ही नावं मुलांना पाढ्यांपेक्षा पक्की पाठ असतात.

पण अशी गाडी आपल्या महाराष्ट्रात बनते कुठे? हा प्रश्न आम्ही विज्ञानाच्या सरांवर सोपवला. त्यांनी आधी दिलीप छाब्रियांच्या ‘अवंती’चं नाव काढलं. २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती लोकांसमोर आली होती आणि आपल्या देशाची स्पोर्ट्स कार म्हणून तिचं कौतुकही झालं होतं. पण ती फार थोडी बनली आणि बंदही झाली. मग अलिबागची ‘चिंकारा’ निघाली, उघड्या टपाची, दोन सीटची. शेवटी बोट चाकणवर आलं. मर्सिडीज-बेंझच्या चाकणच्या कारखान्यात २०२० च्या अखेरीपासून ‘एएमजी’ गाडीची जोडणी होऊ लागली होती. सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या खटपटीनं तीस जणांची परवानगी मिळाली. सतरा मुलं आणि तेरा मुली.

मुलींचा आकडा मुद्दाम सांगतो आहोत. पहिल्या यादीत चारच नावं होती. ‘गाड्या बघून लडकियां क्या करेंगे’ हे एका अम्मीनं आम्हाला फोनवर विचारलं. तेराचा आकडा गाठायला चार घरी जाऊन चहा प्यावा लागला.

पहाटे चारला बस निघाली. फजर टेंभुर्णीच्या पुढे एका पेट्रोल पंपावर झाली. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उतरले होते, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. सर माइक घेऊन एएमजीची गोष्ट सांगत होते. जर्मनीत हान्स वेर्नर आउफ्रेख्त आणि एर्हार्ड मेल्शर या दोन इंजिनिअरांनी १९६७ साली एक छोटं वर्कशॉप काढलं. मर्सिडीजचं इंजिन घ्यायचं, उघडायचं आणि रेससाठी जास्त ताकदीचं करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. आउफ्रेख्तचा ‘ए’, मेल्शरचा ‘एम’ आणि आउफ्रेख्त ज्या गावात जन्मला त्या ग्रोसआस्पाखचा ‘जी’. पुढे मर्सिडीजनंच ते वर्कशॉप पूर्ण विकत घेतलं.

“म्हणजे गॅरेजच की, सर!” मागच्या सीटवरून आवाज आला.

हो, गॅरेजच. आमच्या वर्गातली निदान पाच-सहा मुलं उन्हाळ्याच्या सुटीत कुठल्या ना कुठल्या उस्तादांच्या हाताखाली पाने-पकडी द्यायला जातात. त्या दिवशी पहिल्यांदा ती मुलं बसमध्ये जरा ताठ बसलेली दिसली.

सरांनी किंमतही सांगून टाकली. चाकणला जोडलेली पहिली एएमजी, जीएलसी ४३ कूपे, बाजारात आली तेव्हा ७६ लाख ७० हजार रुपयांना होती. ३९० अश्वशक्ती, आणि उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.९ सेकंदांत. मुलं सेकंदांवर चर्चा करत राहिली. एका मुलीनं वही काढून दुसराच हिशेब मांडला. तिची अम्मी विड्या वळते. रोज हजार विड्या, एकही सुटी नाही, मिळालेला पैसा न पैसा बाजूला, असं धरून ती अम्मीच्या हजारी दरानं भागत गेली. उत्तर शंभर वर्षांच्या पुढे गेलं तेव्हा तिनं पेन ठेवलं आणि डबा उघडला.

चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, हे आमच्या पिढीचं चाकण. संग्रामदुर्गाला १६६० साली शाहिस्तेखानानं घातलेल्या वेढ्याची गोष्ट आम्ही सांगायला घेतली, पण तोवर बाहेर कंटेनरच्या रांगा सुरू झाल्या होत्या आणि ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

फाटकावर मोबाइल जमा झाले. अंगावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं चढली. जमिनीवर रंगवलेल्या पट्ट्याच्या आत चालायचं, कशाला हात लावायचा नाही. आत शिरल्यावर मुलांचे चेहरे पडले. ठिणग्या नाहीत, धूर नाही, तेलाचा वास नाही, ठोकाठोकी नाही. आमच्या शाळेची प्रयोगशाळा याहून कळकट आहे. ज्या मुलानं सगळ्यात जास्त नावं पाठ केली होती, त्यानं आमच्या कानाशी येऊन विचारलं, “टीचर, आवाज किदर है?”

शिवाय गाडीही त्यांच्या वहीतली नव्हती. जीएलसी उंच गाडी, नुसता मागचा टप उतरता. ‘ये तो जीप है’ असा शेरा मिळाला. दाखवणाऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक बघता उंच गाडीलाच गिऱ्हाईक जास्त. खड्ड्यांचं नाव निघाल्यावर सोलापूरकरांना ते लगेच पटलं.

इथे गाडी ‘बनते’ म्हणण्यापेक्षा ‘जोडली जाते’ म्हणणं बरोबर. इंजिन, गिअर आणि कितीतरी भाग जर्मनीहून पेट्यांमधून येतात. असं का, तर जकात. त्या वेळी अशी महागडी गाडी पूर्ण तयार होऊन बाहेरून आली, तर तिच्या किमतीवर १०० टक्के सीमाशुल्क होतं, सुट्या भागांवर त्यापेक्षा बरंच कमी. मर्सिडीजचं हे पुण्यातलं काम १९९५ पासूनचं, आणि चाकणचा कारखाना २००९ पासूनचा. जुन्या लोकांना आठवत असेल, त्याच्याही कितीतरी आधी, १९५४ पासून, टाटांचे ट्रक जमशेदपूरला मर्सिडीजच्या भागीदारीत बनत आणि त्यांच्या नाकावर तोच तीन टोकांचा तारा असे. आमच्या एका मामूंनी असा ट्रक चालवला होता. ते त्याला ‘मरसडी’ म्हणत आणि त्याच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांइतक्या अदबीनं बोलत.

मुलांचा जीव पुन्हा कामात गुंतला तो एका ठिकाणी. वरून गाडीची रिकामी बॉडी अधांतरी येते. खालून इंजिन, गिअर, चाकांचे सांधे असं सगळं एका पाळण्यावर मांडून वर उचललं जातं. दोन्हींची भेट अगदी मिलिमीटरच्या हिशेबानं होते आणि बोल्ट आवळले जातात. या जागेला गाड्यांच्या जगात सगळीकडे ‘लग्न’ म्हणतात. जर्मन लोकही त्यांच्या भाषेत लग्नच म्हणतात. हे सांगितल्याबरोबर मुली तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागल्या. एकजण म्हणाला, “निकाह हो रहा है, खामोश!” आणि मागून लगेच, “मेहर कित्ता?” गृहस्थांना मेहर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. कळल्यावर तेही हसले आणि म्हणाले, “शहात्तर लाख सत्तर हजार.”

तिथेच आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. बोल्ट आवळायचं जे यंत्र होतं, ते नुसतं आवळत नाही. किती जोरानं आवळला ते मोजतं आणि कुठल्या गाडीचा कुठला बोल्ट, हे नोंदवून ठेवतं. जोर कमी पडला तर लाल दिवा लागतो, आणि तो प्रश्न मिटल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. वर्षांनंतर त्या गाडीची काही तक्रार आली, तर त्या बोल्टची नोंद काढून बघता येते. यंत्र धरून उभा असलेला तरुण बार्शीचा निघाला. आयटीआय, फिटर. मराठी ऐकून त्यानं सोलापूरच्या थंडीची चौकशी केली. आमच्या गॅरेजवाल्या मुलांपैकी एकानं त्याला विचारलं, “तुम्हाला हातानं कळत नाही का, नट बसला ते?”

“कळतं ना,” तो म्हणाला. “पण माझ्या हाताला कळलं हे कंपनीला कसं कळणार?”

हे उत्तर आमच्या डोक्यात अजून फिरतं आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या उस्तादांचे हात आम्ही पाहिले आहेत. चालू इंजिनाला पेचकसाचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि सांगायचं की तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बोलतोय. सोलापुरात अशी माणसं आहेत आणि त्यातली कितीतरी आपल्यातली आहेत. पण त्यांच्या हाताला काय कळतं याचा एकही कागद कुणाकडे नाही. उस्ताद गेले की ती विद्या शागीर्दाकडे, शागीर्द पुण्याला नोकरी मागायला गेला की फाटकावरून परत. आपल्याकडे मुलासाठी दोनच रस्ते धरले जातात. हुशार निघाला तर डॉक्टर-इंजिनिअर, नाही तर गॅरेज नाहीतर दुकान. बार्शीचा तो मुलगा ज्या रस्त्यानं आला तो मधला रस्ता, दोन वर्षांच्या आयटीआयचा, आमच्या पालकसभेत कुणी विचारतही नाही. आम्ही सांगितलं तर लोकांना वाटतं, टीचरनं आपल्या मुलाला ‘ढ’ ठरवलं.

विड्यांचा हिशेब करणारी मुलगी इतका वेळ गप्प होती. इंजिन वर चढताना तिनं विचारलं, “कॅमशाफ्ट कुठे असतो, मॅडम?”

हा प्रश्न दुसऱ्या गावच्या मुलीनं विचारला नसता. तिचे अब्बा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साच्यांवर काम करतात. सोलापूरचं नाव चादरीमुळे आणि टॉवेलमुळे घेतलं जातं, पण गेली तीस वर्षं हे गाव कॅमशाफ्टचंही आहे. ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ ही कंपनी १९९२ साली इथेच सुरू झाली आणि जगभरच्या गाड्यांसाठी इथून कॅमशाफ्ट जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो, हवा आत येते किंवा धूर बाहेर जातो. इंजिनाचा श्वासच म्हणा. हा उंचवटा घासून झिजू नये म्हणून ओतकाम करतानाच साच्यात त्या जागी लोखंडाचे थंड तुकडे बसवतात. वितळलेलं लोखंड तिथे झटकन गार होतं आणि बाकी दांड्यापेक्षा कितीतरी कठीण बनतं. हे आम्हाला कुठल्या पुस्तकानं नव्हे, त्या मुलीच्या अब्बांनी एकदा शाळेच्या गेटवर उभं राहून समजावलं होतं.

गृहस्थांनी इंजिनाच्या वरच्या भागाकडे बोट केलं. सहा सिलिंडर, दोन ओळी, प्रत्येक ओळीवर दोन, म्हणजे चार कॅमशाफ्ट. पण ते दिसणार नाहीत, झाकणाखाली आहेत, इंजिन जर्मनीहूनच बंद होऊन येतं. आत कुणाचा कॅमशाफ्ट आहे, हे तिथे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मुलगी तरी मान उंचावून बघत राहिली. आम्हीही.

मग पुढे गेलो. थोड्या अंतरावर एक काळी, लांब, गुळगुळीत गाडी उभी होती. ईक्यूएस, विजेवरची. तिची जोडणी त्याच कारखान्यात २०२२ साली सुरू झाली होती आणि किंमत एएमजीच्या दुप्पट, एक कोटी पंचावन्न लाख. एकदा चार्ज केली की कागदावर ८५७ किलोमीटर. सोलापूरहून पुणे गाठून परत येऊन पुन्हा पुणे, असा हिशेब मुलांनी लगेच केला. तिचा सगळा तळ म्हणजे एक सपाट, जाड बॅटरी. पुढे एक मोटर, मागे एक मोटर. आवाज जवळजवळ नाहीच.

“याच्यात कॅमशाफ्ट किती?” त्याच मुलीनं विचारलं.

“एकही नाही. व्हॉल्व्हच नाहीत.”

तिनं पुढे काही विचारलं नाही. मुलं मात्र गाडीच्या आतला पडदा बघून वेडी झाली होती. दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काच, टीव्हीसारखी. एएमजीला कुणी विचारेना. पाण्याच्या फवाऱ्याखाली गाडी गळते का बघतात, रोलरवर जागच्या जागी पळवतात, हे सगळं आम्ही नंतर पाहिलं. रोलरवर एएमजीनं एकदाचा आवाज केला तेव्हा सतरा मुलांनी टाळ्या वाजवल्या. गोल घुमटात वाजवतात तशाच. पण त्या मुलीचं लक्ष आमच्या नजरेतून सुटलं नाही. ती मागे वळून त्या काळ्या गाडीकडे बघत होती.

जोहर आणि जेवण चाकणमध्येच उरकलं. परतीच्या वाटेवर बसमध्ये वाद पेटला. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, विजेच्या गाड्या श्रीमंतांच्या, आपल्याकडे वीस वर्षं तरी काही होत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, सात रस्त्यावर उभं राहून बघ, किती रिक्षा आणि स्कूटर आताच बिनआवाजाच्या झाल्यात. सर म्हणाले, उद्या विजेच्या गाडीचं काम करायचं तर कानावर भागणार नाही, मीटर वाचावं लागेल, आणि चारशे व्होल्टच्या बॅटरीत न शिकता पेचकस घातला तर दुरुस्ती गाडीची नव्हे, माणसाची करावी लागेल. यावर बस थोडा वेळ शांत झाली. इंदापूरच्या पुढे सगळी झोपली.

नंतर वर्ष-सव्वा वर्ष गेलं. दहावीचा निकाल लागला आणि जूनमध्ये त्या मुलीचे अब्बा दाखला न्यायला आले. तिला ८१ टक्के मिळाले होते. पॉलिटेक्निकला जायचं, विद्युत शाखेला, असं तिनं घरात सांगितलं होतं. अम्मीला वाटत होतं अकरावी सायन्स बरं, मुलींच्या कॉलेजात. पॉलिटेक्निक गावातच आहे, हॉस्टेलचा प्रश्न नाही, एवढंच काय ते तिच्या बाजूचं बोलणं. अब्बांनी खुर्चीत बसून आधी पाणी प्यायलं.

“चाकणहून आल्यापासून ती मला एकच गोष्ट सांगते मॅडम, की त्या गाडीत तुमचं कामच नाही.” ते हसले, पण फारसे नाही. “माझे वालिद गिरणीत होते. एक दिवस भोंगा वाजला नाही, तेव्हा त्यांना कळलं. मला निदान दहा-पंधरा वर्षं आधी कळलं, तेही माझ्या पोरीकडून.”

आम्ही त्यांना सांगितलं की बाकीचेही गप्प बसलेले नाहीत. सोलापूरच्या त्याच कॅमशाफ्टवाल्या कंपनीनं २०१८ साली नेदरलँड्समधल्या, विजेवरचे ट्रक बनवणाऱ्या एमॉस या कंपनीत भागीदारी घेतली होती. ते मान डोलावत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसलं की मालकानं भागीदारी घेणं वेगळं आणि साच्यावर उभ्या असलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसानं नवीन काम शिकणं वेगळं. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुलीच्या प्रश्नाला होतं. विद्युत शाखा घेऊ द्या, असं आम्ही स्पष्ट सांगितलं. अम्मींशी बोलायला घरी येते असंही म्हटलं. धाकटा मुलगा आठवीत आहे, तो शाळा सोडून मामाच्या गॅरेजमध्ये बसायचं म्हणतो. त्याला निदान दहावी होऊ द्या आणि मग गॅरेजच करायचं तर आयटीआय करून करू द्या, हेही सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. मामाचं गॅरेज चांगलं चालतं.

दाखल्यावर सही करून त्यांनी तो घडी न घालता वर्तमानपत्रात ठेवला. दाराशी जाऊन परत वळले.

“पण मॅडम, त्या मोटरमध्ये फिरणारं काही तरी असेलच ना? दांडा?”

असतो, आम्ही म्हणालो. मोटरलाही शाफ्ट असतो. कॅम नसतात, नुसता शाफ्ट.

“शाफ्ट आहे म्हणता,” ते म्हणाले. घड्याळात पावणेतीन झाले होते आणि तीनची पाळी गाठायची होती. “मग बघू.”